दसऱ्याचं तेल

पुणे, १९ सप्टेंबर २०२५

मामा,

तोंड न उघडता नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. माझा आवाज बसलाय आणि डॉक्टरांनी काही आठवडे बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, एवढंच. पाच वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांना "सर, लॅपटॉप बंद करून परत चालू करा" सांगत बसले, दिवसाला साठ-साठ वेळा, त्याचं हे बक्षीस. ऑफिसनं मला सध्या लिहून उत्तरं द्यायच्या टेबलावर बसवलंय. म्हणजे आता तेच वाक्य मी टाइप करते.

मेसेज का नाही केला म्हणशील. तुझ्याकडे बटणाचा फोन. घरात स्क्रीनवाला फोन एकच, तो तुळजामामीचा. त्यावर आलेलं आधी मामी वाचते, मग आळी वाचते, आणि आपल्या कोन गावच्या नाक्यावरच्या भाजीवाल्याने वाचल्यावर ते तुझ्यापर्यंत पोचतं. शिवाय लूमवर जॉबर होतास, माग दुरुस्त करायचास, तेव्हा यूपीच्या कारागिरांची गावाकडची पत्रं तूच लिहून द्यायचास. इतक्यांची लिहिलीस, आता भाचीला चार ओळी लिही.

काम असं आहे. माझा जुना कॉम्प्युटर तुझ्या माळ्याखालच्या टेबलावर आहे. त्यात 'धवले' नावाचं फोल्डर आहे. मी बारावीत असताना आक्काबरोबर लग्नातली गाणी म्हणायचे, ती मीच रेकॉर्ड केली होती, नऊ गाणी. मी ती इंटरनेटवरही ठेवली होती, पण दोन वर्षं खातं उघडलं नाही म्हणून त्या कंपनीनं सगळं पुसून टाकलं. तीन वेळा कळवलं होतं म्हणतात, आणि तेही माझ्या कॉलेजातल्या मेलच्या पत्त्यावर, जो मी केव्हाच विसरले. आता जगात ती गाणी फक्त तुझ्या टेबलावर आहेत.

मला ती ऐकायची आहेत. माझं मेल उघडून पाठवून दे. कसं करायचं ते मागच्या पानावर क्रमाने लिहिलंय, पासवर्डसकट. मोठ्या चमच्याएवढ्या अक्षरात.

आक्काला सर्दी म्हणून सांग. (आईला सगळं गाव आक्का म्हणतं, त्यात मी एकटीनं आई कशाला म्हणू!)

तुझी,
रुचिका

*

कोन, भिवंडी, २५ सप्टेंबर

चि. रुचिका,

आशीर्वाद, आणि गरम पाण्याच्या गुळण्या.

तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमन जिना चढून वर आला आणि "काका, नोटीस नाही, पत्र आहे" असं मोठ्याने सांगून गेला. आळीत माझी इज्जत वाढली आहे.

आता कामाचं. पहिल्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला, तर त्याने स्वतःचंच काम काढलं. "अपडेट चालू आहे, बंद करू नका." तीस टक्क्यांवर आला आणि बसला. मी बाजारात जाऊन आलो, तीस. जेवलो, तीस. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम शंभर झाला आणि म्हणाला, आता परत चालू करतो. केला. मग पुन्हा शून्यापासून.

तिसऱ्या दिवशी तुझं मेल उघडायला घेतलं. त्याने विचारलं, तुम्ही माणूस आहात का. होय म्हणून टिचकी मारली. त्याला पटलं नाही. नऊ चित्रं दाखवून म्हणाला, यातल्या मोटारसायकली ओळखा. एका चित्रात नुसता आरसा दिसत होता. आता आरसा म्हणजे मोटारसायकल का? मी मामीला बोलावलं, मामी नाही म्हणाली, आक्का हो म्हणाली. आक्काचं ऐकलं आणि पास झालो.

पासवर्ड बरोबर निघाला. पण त्यावर लिहून आलं की नवीन ठिकाणाहून कोण आत येतंय ते तपासायला सहा आकडी ओटीपी पाठवलाय. तो तुझ्या मोबाइलवर आला असणार. तर परतीच्या टपालाने तेवढा कळव. दहा मिनिटांत टाकायचा आहे म्हणे, तेव्हा स्पीड पोस्टानेच पाठव. मी कॉम्प्युटर बंद केलेला नाही.

आनंदाची बातमी म्हणजे रियाचं लग्न पाच डिसेंबरला ठरलं. मला, म्हणजे बापाला, विचारण्याआधी पोरीने आक्काला सांगून ठेवलंय की मांडवात धवले म्हणायला धवलारीण आपली आक्का, आणि आक्काची ओळ झेलून पुढची म्हणायला रुचिकाताईच. दुसरं कुणी चालणार नाही. आक्का रोज दुपारी तुझी सर्दी गेली का विचारते. सोबत हळद आणि ज्येष्ठमध पाठवतोय.

तुझा,
केसरीनाथमामा

*

पुणे, २९ सप्टेंबर

मामा,

तुझं पत्र वाचून इतकं हसू आलं की धम्मदिनाला, म्हणजे माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला, वाटलं मला फिट आली. आवाज न करता हसून बघ एकदा, पोट दुखतं.

ओटीपी आला होता, २४ तारखेला दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी. मी मीटिंगमध्ये होते, मला वाटलं कुणी चोर आत शिरतोय, मी पासवर्ड बदलून टाकला. तो चोर तू होतास. आता मागच्या पानावरचा पासवर्ड विसर. कॉम्प्युटर बंद कर, चार दिवस चालू ठेवलास तर लाइटबिलाने मामी तुला घराबाहेर काढेल.

सोपा रस्ता सांगते. कॉम्प्युटरचा डबा उचल, रिक्षात घाल आणि नाक्यावर देवेशच्या कॉम्प्युटर-रिपेरिंगच्या दुकानात ने. त्याला म्हणावं 'धवले' पेनड्राइव्हवर घालून दे. पेनड्राइव्ह कुरियरने पाठव. एवढंच. आणि मामा, तुझ्या हाताला मी ओळखते. डबा उघडू नकोस. त्यात तुझ्या जोगं काही नाही.

रियाला म्हणावं ताई लग्नाला नक्की येणार.

रुचिका

*

कोन, ९ ऑक्टोबर

चि. रुचिका,

आशीर्वाद.

तुझं पत्र ३ तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण लग्नाची घाई. मामी कल्याणला साड्या बघायला तीन वेळा जाऊन आली आणि तिन्ही वेळा हिरव्याच घेऊन आली. दाजींची म्हणजे तुझ्या बाबांची वडप्याच्या गोदामात पाळी बदलली, आता ते संध्याकाळी घरी असतात आणि आक्काच्या स्वयंपाकात मीठ किती ते सांगतात. हॉल मिळाला नाही, मांडव दारातच घालायचा. ते बरंच, हॉलमध्ये धवले कुणाला ऐकू जातात! वाजंत्री अंबाडी गावचे ठरवलेत. आचारीही तिकडचाच. पाहुण्यांची यादी चारशेवर गेली आहे आणि मामीच्या माहेरचे अजून मोजलेले नाहीत.

कॉम्प्युटर देवेशकडे आहे. तो बघतो म्हणाला.

पावसाची सर अधूनमधून येते. गुळण्या कर.

मामा

*

पुणे, १४ ऑक्टोबर

मामा,

एवढ्या मोठ्या पत्रात कॉम्प्युटरवर दोनच वाक्यं! मला पगार याच गोष्टीचा मिळतो. "मॅडम, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला" असं म्हणणाऱ्या माणसाचा श्वास कसा लागतो ते मी फोनवर ओळखते. तुझा इथपर्यंत ऐकू येतोय. काय केलंस?

रागावत नाही. कारण लपवणारा तू एकटा नाहीस.

माझा नुसता आवाज बसलेला नाही. गळ्यात, आवाजाच्या तंतूवर एक गाठ आहे. साधीच दिसते म्हणतात डॉक्टर, पण काढल्यावरच नक्की कळेल. ६ नोव्हेंबरला काढणार. आवाज येईल, ते मला खात्रीने सांगतात. मी विचारलं (पाटीवर लिहून), हाच येईल का? त्यावर ते म्हणाले, बोलण्यापुरता नक्की. गाण्याचं मी लिहिलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

म्हणून ती गाणी हवी होती. ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी एकदा मला माझा आवाज ऐकायचा होता, सतरा वर्षांचा, आक्काची ओळ हवेत असतानाच झेलणारा. विसरले तर निदान काय विसरले ते कळावं.

रियाच्या लग्नात मी गाऊ शकणार नाही. हे आक्काला कसं सांगायचं ते मला समजत नाही. तिने मला बोलायच्या आधी गायला शिकवलं. तिला हे पत्र वाचून दाखवू नकोस. ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग मी स्वतः सांगेन. शपथ आहे.

आता तू सांग.

रुचिका

*

कोन, १८ ऑक्टोबर

रुचिका बाळा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चष्मा पुसून पाचव्यांदा. मी मामा असून मला वाटलं नुसता घसा बसलाय, आणि मी हळद पाठवत बसलो. असो. आता माझं ऐक, एका दमात लिहितो, नाहीतर धीर होणार नाही.

दसरा २ तारखेला होता. तुझं "डबा उघडू नकोस" दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलं.

तुला माहीत आहे, दसऱ्याला लूम बंद असायचे. आम्ही एकेक माग पुसायचो, जुनं तेल काढून नवं घालायचो, हळदकुंकू वाहून झेंडूचा हार. चाळीस वर्षं केलं, सुटत नाही. मामीच्या शिलाई मशीनला तेल घातलं, पंख्याला घातलं, सायकलला घातलं. मग तुझ्या कॉम्प्युटरकडे लक्ष गेलं. त्याचा आतला पंखा बरेच दिवस करकरत होता. घरातल्या सगळ्या यंत्रांना तेल आणि पोरीच्या यंत्राला नाही, हे मला बरं दिसेना. डबा उघडला. पंख्याला थेंबभर घातलं. चालू केला, तर आवाज गायब! मला चेव आला.

आत आणखी एक चपटी डबी होती, तिच्यातूनही बारीक घरघर यायची. तिचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे. तसला पाना माझ्याकडे नव्हता, एक जुना होता तो घासून तयार केला. अर्धा तास लागला. उघडली, तर आत आरशासारखी चकती आणि तिच्यावर एक बारीक हात. मी म्हटलं, हा मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे पळत असणार, आणि सगळं कोरडं ठणठणीत! बोट लावून पाहिलं. मग बरोबर मध्यावर एक थेंब तेल घातलं आणि डबी बंद केली. वरून कुंकू लावलं.

चालू केला तेव्हा टक् टक् झालं आणि काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली. पुढे काही नाही.

देवेशने मला तीन वेळा विचारलं, "काका, तेल?" तिसऱ्यांदा खुर्चीत बसला. म्हणाला, "काका, यात धूळ गेली तरी खेळ खलास, तुम्ही तेल घातलंत." त्याने ती चकती मुंबईला कुणाकडे पाठवली होती. परवा परत आली. काही निघालं नाही, पोरी. एकही गाणं नाही.

बिघडलेला माग मी कधी टाकला नाही आणि धडधाकट यंत्र हाताने मारलं, तेही तुझा आवाज आत असताना. तू मला काहीही बोल. बोलता येत नसेल तर लिही.

मामा

*

पुणे, २५ ऑक्टोबर

मामा,

दिवाळी आली आणि गेली, मी तुला लिहिलं नाही. चिडले होते. ओरडता येत नाही तेव्हा माणसाने चिडून करायचं तरी काय? पाटीवर तुझं नाव लिहून खोडलं, दोनदा. मग रडले, तेही बिनआवाजी, त्याने काही समाधान होत नाही.

काल धम्मदिनाला तुझं पत्र वाचायला दिलं. ती "पाना घासून तयार केला" इथे थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मग आम्ही दोघी हसून हसून जमिनीवर. मामा, पाच वर्षांत मी कीबोर्डवर चहा सांडलेला ऐकलाय, लॅपटॉप धुणाऱ्या बाई ऐकल्यात, एकदा कोंबडीचा रस्सा. पण तेल, आणि वरून कुंकू! असं गिऱ्हाईक मला मिळालं नव्हतं, आणि मिळालं ते माझ्याच घरात.

गाणी गेली त्याचं वाईट वाटतं. खोटं का लिहू? पण तू जेवण सोडलंस असं मामीने कळवलंय (तिला कारण माहीत नाही, ती तुझ्या पित्ताला दोष देते). जेव. नीट जेव. मी ती गाणी नऊ वर्षांत एकदाही उघडून ऐकली नाहीत, कोण कुणाला बोलणार!

६ तारखेला धम्मदिना सुट्टी काढून बरोबर येतेय. काळजी नको. आक्काला मात्र अजून नाही.

तुझीच,
रुचिका

*

कोन, ३ नोव्हेंबर

चि. रुचिका,

आशीर्वाद. हे पत्र तुला देणारी बाई दारात उभी असेल. तिला आधी पाणी दे, मग वाच.

होय, मी सांगितलं. तुझी शपथ मोडली. तुझं पत्र खिशात घेऊन आक्कासमोर जेवायला बसवेना. मला वाटलं तेलावरून माझी कातडी सोलेल. तेलाचं ती काही बोलली नाही. सगळं ऐकून घेतलं, भांडी घासली, आणि मग म्हणाली, "तिचा गला गेला तं गेला, तिनं मना सांगाचं न्हाय? मी तिची कोन हाय मंग?" आणि आत निघून गेली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "तुझ्या बायकोचा फोन आन."

फोन आणला, तर म्हणाला जागा शिल्लक नाही. मामीकडे सकाळच्या शुभेच्छांची चौदाशे फुलं साठवलेली. ती पुसू देईना. एकेक फूल बघून, हे कुणी पाठवलं ते आठवून, मग पुसत होती. दुपार गेली. मग आक्का फोनसमोर बसेना. "याला कान कुठं हायत?" म्हणते. मी खालचं भोक दाखवलं. तिथे तोंड नेऊन ती इतक्या जोराने गायली की पहिलं गाणं नुसतं फाटल्यासारखं आलं. दुसऱ्यांदा रिक्षाचा हॉर्न. तिसऱ्यांदा दाजी, मीठ विचारायला. चौथ्यांदा जमलं.

पण रुचिका, एक गोष्ट मला कळेना. ती एक ओळ म्हणायची आणि गप्प बसायची. मग पुढची ओळ, परत गप्प. मला वाटलं वयाने विसरायला लागली. मामी मधल्या ओळी म्हणायला पुढे सरसावली, तर तिला हाताने मागे सारलं. शेवटी मी म्हटलं, आक्का, अर्धंच होतंय गाणं. तर माझ्यावर डोळे वटारले. "ती जागा पोरीची हाय. तिची ती भरंल. आज न्हाय तं उद्या."

नऊच्या नऊ गाणी अशी केली, चार दिवसांत. तुझ्या ओळीला लागतो तेवढाच वेळ सोडून. मी घड्याळ लावून बघितलं, एकदाही चुकली नाही.

मग पाठवायला घेतलं. मेल म्हणालं फाइल मोठी आहे. देवेशने कसलीशी लिंक केली, तिची मुदत संपली. मामीच्या फोनने पाठवायला घेतलं तर गोल फिरत राहिला. आक्का हे सगळं बघत होती. म्हणाली, "त्या बारक्या काडीत घाल आन माझ्याकडं दे." देवेशने पेनड्राइव्हवर घालून दिलं, पैसे घेतले नाहीत. आक्काने तो पदराच्या गाठीला बांधला आणि दाजींना सांगितलं, पंधरा दिवस मीठ तुम्हीच बघा. कल्याणहून पुण्याच्या एसटीत मी तिला बसवून देतोय. हिला पोचायला ओटीपी लागत नाही.

तू टेबलावर असशील तेव्हा मी कोनच्या देवळात बसेन. हात रिकामे ठेवीन, कुठल्या यंत्राला लावणार नाही.

तुझा,
मामा

*

पुणे, १८ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार. तोंड अजून जपूनच उघडते.

गाठ साधी होती. शनिवारी रिपोर्ट आला, आक्काने खुणा करकरून डॉक्टरांकडून तीन वेळा वदवून घेतलं. हे धम्मदिनाने तुला फोनवर कळवलंच असेल, पण पुढचं तिने सांगितलं नसणार.

ऑपरेशननंतर दहा दिवस मला अक्षर काढायचं नव्हतं. आक्का, जी झोपेतसुद्धा बोलते, तीही गप्प बसली. धम्मदिनाने विचारलं तर माझी पाटी घेऊन तिच्यावर बोट आपटलं आणि माझ्याकडे दाखवलं, म्हणजे ही बोलत नाही तर मी कशाला! दहा दिवस आम्ही मायलेकी हातवाऱ्यांनी भांडलो. तिला चहात साखर जास्त लागते ते मला नव्याने कळलं.

पेनड्राइव्ह मी उघडला नव्हता. घाबरत होते. आक्काने उशाशी ठेवून दिला आणि एकदाही विचारलं नाही.

काल डॉक्टर म्हणाले, आता दिवसातून पाच मिनिटं, ओठ मिटून, नुसतं गुणगुणायचं. घरी आले. लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला, तर तो आधी म्हणाला ओळखत नाही. काढून परत लावला. ओळखला. पहिलं गाणं हळदीचं. मागे तुझी खुर्ची करकरली, मामी कुणाला तरी श्श म्हणाली, आणि आक्काचा आवाज आला. तिने ओळ टाकली आणि थांबली.

ती जागा आली. मला काय करायचं ते सुचेना, आणि जागा संपली. दुसरी आली, तीही गेली. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटले आणि ओठ न उघडता हुंकार भरला. घोगरा होता, मामा. बारीक, खरखरीत, तुझ्या त्या पंख्यासारखा. सतरा वर्षांचा तर नव्हताच. पण सुरावर होता. मला माझाच ऐकू आला आणि मी रडायला लागले.

आक्का पलंगावर बसून वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही. दहा दिवसांनी तिच्या तोंडून पहिले शब्द आले:

"उशिरा झेललीस. परत लाव."

मग मी बंद करून परत चालू केलं.

रुचिका